चौल-रेवदंडा एका दिवसात: आधी कोर्लईचा डोंगर चढा, मग शहरात शिरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिस्बनला राहणारं एक कुटुंब डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी अलिबागजवळच्या घरी येतंय. मुलं तेरा आणि नऊ वर्षांची, तिथल्या शाळेत पोर्तुगीज शिकलेली. सोबत गुडघे दुखणारे आजोबा. हाताशी एक दिवस आहे आणि जुनं चौल पाहायचं आहे. सुरुवात कुठून करावी, त्याच दिवशी जंजिरा उरकता येईल का, आणि कोर्लई गावात मुलांचं पोर्तुगीज चालेल का?

जंजिऱ्याचा विषय आधी संपवतो. त्या दिवशी जंजिरा नको. कोर्लईहून काशीद, मुरूड करत राजपुरीच्या धक्क्यावर पोचायला तासाभराच्या वर जातो. मग होडीची रांग, किल्ल्यावरचा वेळ, परतीची होडी. एवढं धरलं की चार तास गेले आणि चौलच्या वाट्याला गाडीच्या काचेतून दिसणाऱ्या नारळी-पोफळी तेवढ्या उरल्या. जंजिऱ्याला वेगळा दिवस द्या.

चौल बघताना बहुतेकांची फसगत एकाच कारणाने होते. लोक 'किल्ला' शोधत येतात. इथे आहे ते शहर, तेही वाड्यांमध्ये, आगरांमध्ये, शाळा-बाजाराच्या मध्ये विखुरलेलं. अलिबाग-मुरूड रस्ता रेवदंड्याच्या तटबंदीला छेदून आत जातो, आणि आपण किल्ल्यात शिरलो हे निम्म्या लोकांच्या लक्षातच येत नाही. दोन-चार भिंती, एक मनोरा, एक देऊळ बघून "काहीच उरलं नाही" म्हणत माणसं परततात. हे टाळायचं तर नकाशा आधी डोळ्यांत भरायला हवा, आणि तो भरण्याची जागा एकच: कोर्लईचा डोंगर. वाटेत चौल आणि रेवदंडा आधी लागतात, तरी तिथे न थांबता सरळ पुढे जा. शहर परतीच्या वाटेवर बघायचं.

अलिबागहून अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, मग कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून साळाव आणि तिथून उजवीकडे कोर्लई, असा साधारण २३ किलोमीटरचा रस्ता आहे. अंतर थोडं असलं तरी रस्ता गावांच्या मधून जातो, त्यामुळे पाऊण ते एक तास धरा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून काही मिनिटांनी मावळतो. म्हणजे उजेड अकरा तासांचा. घरून साडेसहाला निघालात तर साडेसातला कोर्लईत पोचाल. नऊनंतर निघालात तर शनिवार-रविवारी नागावातच अडकाल, कारण किनाऱ्यावर जाणाऱ्या गाड्या तिथेच वळतात. २४ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा तर सोडूनच द्या. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत, तेव्हा मधला एखादा मंगळवार किंवा बुधवार घ्या. गुरुवार का नको, ते जेवणाच्या ठिकाणी सांगतो.

एसटीने जायचं असेल तर अलिबाग आगारातून रेवदंड्याकडे आणि मुरूडकडे गाड्या आहेत, विक्रम रिक्षाही रेवदंड्यापर्यंत माणशी भाड्याने जातात. पण आजोबा बरोबर असताना दिवसभराची लहान गाडी ठरवा. लहान म्हणतोय ते मुद्दाम. कोर्लईच्या कोळीवाड्यातून दीपगृहाकडे जाणारा रस्ता घरांच्या ओट्यांना खेटून जातो, वाटेत मासळी वाळत घातलेली असते, होड्या ओढून ठेवलेल्या असतात. मोठी टेम्पोसारखी गाडी तिथे अडकते आणि मग मागे घेताना सगळ्या गावाचा खोळंबा होतो. मोठी गाडी असेल तर गावाबाहेरच ठेवा आणि चालत जा.

दीपगृहाच्या बाजूने किल्ल्यावर पायऱ्यांची वाट जाते. नेहमी चालणाऱ्याला पंधरा-वीस मिनिटं, मुलांना अर्धा तास. आजोबांनी खालीच थांबावं. दीपगृहाजवळ समुद्राचा वारा असतो, तिथे घडीची खुर्ची टाकून बसता येतं. दीपगृह आतून बघायची वेळ ठरावीक असते, ती बहुधा दुपारनंतरची. त्यामुळे सकाळच्या बेतात ते धरू नका. वर दुकान नाही, नळ नाही. माणशी दीड लिटर पाणी खालूनच न्या. किल्ल्यात जुनं टाकं आहे, पण ते पाणी पिऊ नका. डिसेंबरातलं गवत वाळलेलं आणि गुडघाभर असतं, त्याखाली सुटे दगड लपलेले असतात. सपाट तळव्याच्या चपलांनी पाय सटकतो तो चढताना नाही, उतरताना. खाचांचे तळवे असलेले बूटच हवेत. तटाला बऱ्याच ठिकाणी कठडा उरलेला नाही, म्हणून धाकट्याचा हात धरूनच कडेला जा.

डोंगर लांबट आणि अरुंद आहे, समुद्रात घुसलेल्या मगरीच्या पाठीसारखा. किल्लाही तसाच: आडव्या भिंतींनी तोडून एकामागून एक कप्पे केलेले, म्हणजे एक कप्पा पडला तरी पुढचा लढता राहावा. छप्पर गेलेलं चर्च आहे, महादेवाचं छोटं देऊळ आहे, तोफा आहेत. त्यापेक्षा महत्त्वाची तिथली उत्तरेकडची नजर. उत्तर टोकाच्या बुरुजाशी जा आणि अर्धा तास तिथे बसा.

समोर कुंडलिका समुद्राला मिळते. पलीकडच्या काठावर सुरूच्या रांगेमागे रेवदंड्याचा तट, त्याच्या आत माडांच्या शेंड्यांवर डोकं काढणारा मनोरा, तो सातखणी. त्याच्यामागे, आत जमिनीकडे, दाट हिरवा पट्टा, ते चौल. त्याहून मागे डोंगर, त्यातल्या एकावर दत्ताचं देऊळ. आणि खाली तुमच्या पायाशी खाडीचं मुख. जहाज समुद्रातून आत यायचं ते या अरुंद वाटेनेच. एवढं दिसलं की सगळं शहर उलगडतं. बंदर खाडीच्या पोटात, वाऱ्यापासून आडोशाला. मुखावर पहारा. मागे घाटाकडे जाणारी वाट, म्हणजे जुन्नर, अहमदनगर, बीदर. घाटावरचा माल इथे उतरायचा, समुद्रावरून आलेला माल घाटावर चढायचा.

हे शहर पोर्तुगीजांच्या फार आधीचं, मुलांना हे तिथेच सांगा. ग्रीक-रोमन खलाशांच्या काळापासून सिमुल्ला, सिमिल्ला अशा नावांनी ते परदेशी लेखनात येतं. अरब त्याला सैमूर म्हणत. मसुदी हा अरब प्रवासी इसवी सन ९१५ च्या आसपास इथे येऊन गेला. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला, सोबत विकायला घोडा घेऊन. घाटावरच्या सुलतानांना घोडदळासाठी परदेशी घोडे लागत आणि ते समुद्रमार्गेच येत. निकितिनचा घोडा पुढे जुन्नरला तिथल्या खानाने काढून घेतला होता, मग परत मिळाला. मुलांना तारखांपेक्षा हा घोडा जास्त लक्षात राहील.

मग १५०८. लिस्बनहून १५०५ मध्ये निघालेला पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिस्को द आल्मेइदा, त्याचा मुलगा लोरेन्सू याच खाडीत मारला गेला. इजिप्तच्या मामलुक सुलतानांचं आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ याची जहाजं एकत्र होऊन त्याच्यावर चालून आली. पळण्याच्या धांदलीत त्याचं जहाज मच्छीमारांनी पाण्यात रोवलेल्या खुंटांवर अडकलं आणि तिथेच घेरलं गेलं. हे समजायला पुस्तक लागत नाही. डोलीच्या, म्हणजे खुंटांना बांधून पाण्यात लावायच्या जाळ्याचे खुंट कसे रोवतात हे कोर्लईतला कुठलाही कोळी सांगेल. पुढच्याच वर्षी, १५०९ मध्ये, बापाने दीवला त्याचा सूड घेतला.

१५२१ मध्ये निजामशहाकडून किल्ला बांधायची परवानगी मिळाली आणि रेवदंड्याचं पोर्तुगीज शहर उभं राहू लागलं. तुमच्या मुलांना लिस्बनचा बेलेंचा मनोरा माहीत असणार, शाळेची सहल तिथे जातेच. तो १५१९ ला पूर्ण झाला. तेजू नदीच्या मुखावर तो आणि कुंडलिकेच्या मुखावर हा किल्ला, मध्ये दोनच वर्षं. काम तेच: नदीतोंडाशी उभं राहून येणाऱ्या जहाजावर तोफ रोखायची. ही तुलना कोर्लईवर उभं राहून करा, खाली गेल्यावर ती दिसत नाही. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने रेवदंड्याला वेढा घातला, तो पोर्तुगीजांनी निभावला. कोर्लईचा डोंगर मात्र त्यांच्याकडे नव्हता. तिथे निजामशाहीने किल्ला उभारला तेव्हा बंदराच्या गळ्यालाच नख लागलं. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला आणि मुखाच्या दोन्ही बाजू एका हातात आल्या. १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीजांची उत्तर कोकणातली सत्ता मोडली, १७४० ला चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. तोवर व्यापार सुरतेकडे आणि मुंबईकडे सरकला होता, खाडीतही गाळ भरत गेला.

आता भाषेचं. कोर्लई गावात जी बोली बोलतात ती पोर्तुगीज नव्हे. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या शेकडो वर्षांच्या शेजारातून तयार झालेली ती स्वतंत्र भाषा आहे. बोलणारे हजारभर असतील. ते तिला 'नोउ लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. १७४० नंतर पोर्तुगालशी संबंध बराचसा तुटला, पण गावातला ख्रिस्ती समाज एकत्र राहिला, म्हणून ती टिकली. तुमच्या मुलांना शब्द ओळखीचे वाटतील, वाक्य मात्र हातातून निसटेल. कारण क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं आणि पोर्तुगीज व्याकरणातली रूपांची गुंतागुंत बरीच गळून गेलेली आहे. मराठी आणि पोर्तुगीज दोन्ही येणाऱ्या मुलाला हे जितकं लवकर कळेल तितकं भाषेच्या प्राध्यापकालाही कळणार नाही.

पण एक कळकळीची विनंती. दारात बसलेल्या आजींना "तुमची भाषा बोलून दाखवा" म्हणू नका, फोन तर त्यांच्यासमोर धरूच नका. तिथे येणारा प्रत्येक जण हेच करतो. दुकानात जा, काहीतरी विकत घ्या, आधी मराठीत बोला. मुलं लिस्बनची आहेत हे कळलं की गप्पा आपोआप निघतील. नाही निघाल्या तर तेही चालेल. रविवारी सकाळी लोक चर्चला जातात, त्या वेळी आत फिरू नका आणि फोटो काढू नका.

जाता येता गाडीत मुलांकडून एक खेळ करून घ्या. परात, घमेलं, बादली, चावी, फीत, पगार, लिलाव, तुरुंग, काडतूस, पाव, बटाटा हे शब्द म्हणायचे आणि त्यांनी पोर्तुगीज मूळ ओळखायचं. तुरुंग सोडून बाकी पटापट येतात. तुरुंगाचं मूळ 'त्रोंकू', म्हणजे लाकडाचा ओंडका, ज्यात कैद्याचे पाय अडकवत.

साडेदहापर्यंत खाली या आणि रेवदंड्यात परता. इथे क्रम असा ठेवा: आधी तटाचा दरवाजा, मग सातखणी, मग चर्चचे अवशेष, शेवटी समुद्रकाठ. दरवाजावरचं राजचिन्ह मुलांनाच शोधू द्या. मधल्या पाच लहान ढाली त्यांनी पोर्तुगालच्या झेंड्यावर रोज पाहिल्या आहेत. सातखणी हा फ्रान्सिस्कन चर्चचा घंटा-मनोरा. नाव सात खणांचं म्हणजे मजल्यांचं, पण वरचे मजले ढासळलेत. आत चढायचा प्रयत्न करू नका, दगडांमधला चुना सुटलेला आहे आणि पिंपळाच्या मुळ्यांनी दगड सैल केलेत. पायथ्याशी तोफा आणि तोफगोळे आहेत. तटाखालच्या भुयारात विंचू-सापाखेरीज काही सापडत नाही, तोंडापासूनच बघा.

डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा वेगवेगळ्या पंथांच्या इमारतींचे अवशेष आतल्या वाड्यांमध्ये आहेत. मोठी कमान, उंच भिंत, मध्येच खिडकीची चौकट, आणि सभोवती सुपारीची झाडं. ही जागा बऱ्याच ठिकाणी कुणाची तरी राहती वाडी असते. सरळ आत शिरू नका. "काका, आत बघून येऊ का?" एवढं विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत, उलट पायवाट दाखवतात. माडाखाली उभं राहून फोटो काढताना वर बघा, सुटलेला नारळ आवाज न करता येतो. सुपारी वाळत घातलेली असेल तर तिच्यावरून चालू नका.

निकितिनच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ रेवदंड्यातल्या शाळेच्या आवारात आहे. शाळेच्या वेळात गेलात तर कार्यालयात विचारून आत जा. गावात बेने इस्रायली या ज्यू समाजाचं बेथ एल हे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृहही आहे. शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस असतो, त्या दिवशी बघण्यासाठी जाऊ नका. याच समाजाला पूर्वी इथे 'शनवार तेली' म्हणत, कारण तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे. एकाच गावात तट, चर्च, सिनेगॉग आणि रशियनाचा स्तंभ: बंदराचं गाव म्हणजे काय ते इथे कळतं.

समुद्राच्या बाजूने तट बाहेरून बघायचा तर ओहोटी हवी, कारण पुळणीवरून चालतच तो नीट दिसतो. त्यासाठी फोनची गरज नाही, आजोबांना हा हिशोब येत असणार. तिथीला तीनाने गुणा आणि चाराने भागा, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. दशमीला साडेसात, ओहोटी दीड-पावणेदोन. म्हणजे अष्टमी ते दशमीच्या दरम्यानचा दिवस निवडलात तर दुपारच्या वेळी पाणी मागे असेल. पण हे भांगाचे दिवस, पाणी फार चढत नाही तसं फार ओसरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा भर दुपारी पाणी वर असतं. त्या दिवशी तटाची फेरी संध्याकाळी करा.

जेवणाचं सकाळी साडेसातला फोन करून सांगा, एकला पोचून नाही. घरगुती खानावळीत माणसं मोजून मासळी आणतात. सुरमई किंवा बांगडा, कोलंबी, तांदळाची भाकरी, सोलकढी एवढं सांगून ठेवा. आणि गुरुवारचं कारण हे: डिसेंबरात मार्गशीर्ष येतो, लक्ष्मीचं व्रत घरोघर असतं, आणि त्या गुरुवारी बऱ्याच घरगुती खानावळींत चूल शाकाहारीच पेटते. मासळीची आस धरून येणाऱ्यांचा विरस होतो.

दुपारी अडीचनंतर चौल. आजोबांसाठी दिवसातला सर्वांत सोयीचा भाग हाच. रामेश्वराच्या देवळासमोर मोठी पुष्करणी आहे, काठावर सावली आहे. सभामंडपात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडं आहेत. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायची परंपरा. ती कुठे आहेत ते पुजाऱ्यांना विचारा, नाहीतर त्यांच्यावरूनच चालून जाल. आजोबांना तिथे तासभर बसू द्या. तेवढ्यात बाकीच्यांनी हमामखाना बघून यावं. मुसलमानी अमलातलं हे घुमटांचं न्हाणीघर झाडोऱ्यात दडलेलं आहे, पाटीच्या भरवशावर सापडत नाही, नाक्यावर विचारा. चौलच्या राजकोट या जुन्या कोटाचे अवशेषही त्याच भागात आहेत. तिथे बघण्यासारखं थोडंच उरलं आहे, वेळ कमी असेल तर गाळा.

मग एक निवड करावी लागते: दत्ताचा डोंगर की हिंगुळजेचं देऊळ. दत्ताला सातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सकाळी कोर्लई चढलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला संध्याकाळी हे जड जातं. हिंगुळजेला चढ कमी आणि शेजारी कातळात कोरलेल्या जुन्या लेण्या आहेत, म्हणजे चौलचा सर्वांत जुना थर. मी तुम्हाला हिंगुळजा सुचवेन. दत्त करायचाच असेल तर चारला चढायला लागा आणि सूर्य मावळायच्या आत पायऱ्या उतरा. एक तारीख मात्र पंचांगात बघून ठेवा. दत्तजयंतीला इथे पाच दिवस मोठी यात्रा भरते. जत्रेची हौस असेल तर खुशाल या, पण त्या पाच दिवसांत वाड्या-अवशेष बघायचा बेत करू नका, गाडी नाक्यापुढे सरकणार नाही.

परतताना नागावात किंवा चौलमध्ये पोपटी मिळते का ते सकाळीच विचारून ठेवा. वालाच्या शेंगा डिसेंबरअखेर भरू लागतात. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला, आणि पाण्याचा एक थेंबही नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उलटं ठेवतात आणि भोवती जाळ घालतात. अर्धा-पाऊण तास लागतो. मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडून ते चटकन उडाले की झाली म्हणायची. सहाला जाळ लावायला सांगितलात तर साताला पानात, आणि साडेआठपर्यंत घरी.